जिल्ह्याचं ठिकाण मोजलं, पाडा राहिला

मोबाइल कंपन्यांना सरकारनं दिलेल्या परवान्यांत, जाळं कुठपर्यंत पसरवायचं याचं एक कलम असायचं. पहिल्या वर्षात आपल्या सर्कलमधल्या, म्हणजे परवान्याच्या क्षेत्रातल्या, दहा टक्के जिल्हा मुख्यालयांत सेवा सुरू करायची आणि तीन वर्षांत पन्नास टक्के. जिल्ह्याचं ठिकाण सोयीचं नसेल, तर त्याच जिल्ह्यातलं दुसरं एखादं शहर घेतलं तरी चालेल. कोणती शहरं घ्यायची, हे कंपनीनं ठरवायचं. नगरपालिकेच्या हद्दीतल्या नव्वद टक्के भागात सिग्नल मिळाला, की ते शहर झालं. आणि त्याच कलमात पुढे सरळ लिहिलेलं होतं, की ग्रामीण भाग व्यापण्याची कोणतीही सक्ती नाही.

देशात फोन स्वस्त कसा झाला, ही गोष्ट आपण अनेकदा ऐकली आहे. कंपन्या भांडल्या, दर कोसळले, भाजीवाल्याच्या हातात मोबाइल आला. ती खरीच आहे. पण एखाद्या घाटात रेंज का जाते आणि डोंगराआडच्या पाड्यावर टॉवर का उभा राहिला नाही, याचं उत्तर त्या गोष्टीत मिळत नाही. ते या रूक्ष कलमात आणि त्याच्यामागून आलेल्या अशाच कलमांत आहे. सरकारनं प्रत्येक वेळी काय मोजायचं ते ठरवलं, कंपन्यांनी तेवढंच करून दाखवलं आणि जे मोजलंच नव्हतं ते मागे राहिलं.

सुरुवात वेगळी झाली होती. १९८४ साली सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था स्थापन झाली, तेव्हा सॅम पित्रोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्याला डोळ्यांसमोर ठेवून एक छोटं स्वयंचलित एक्स्चेंज तयार केलं. त्याला वातानुकूलित खोली लागत नव्हती, धूळ आणि उकाडा ते सोसत होतं. १९८६ साली कर्नाटकातल्या कित्तूरला ते बसलं. पुढे पिवळ्या पाट्यांचे एसटीडी-पीसीओ गावोगावच्या स्टँडवर आणि बाजारपेठेत उभे राहिले. या यंत्राची रचनाच 'खेड्यात काय टिकेल' या प्रश्नातून झाली होती. त्यानंतरच्या तीस वर्षांत हा प्रश्न इतक्या थेटपणे क्वचितच विचारला गेला.

१९९४च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणानं १९९७पर्यंत सगळ्या गावांत फोन नेण्याचं वचन दिलं आणि खासगी कंपन्यांना दार उघडलं. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखरामांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला. तेव्हा मोबाइल शहरातल्या श्रीमंताची वस्तू होती. आलेला कॉल घ्यायलाही पैसे पडायचे.

परवाने सर्कलनुसार विकले गेले. महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवा आहे, पण मुंबई नाही; मुंबई स्वतंत्र महानगर सर्कल आहे. राज्यातला सगळ्यात मोठा पैसा एका बाजूला काढला गेला. उरलेल्या नकाशात पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर, पणजी ही कमाईची ठिकाणं आणि त्याच नकाशात मेळघाट, अक्कलकुवा-धडगाव, भामरागड-एटापल्ली. १९९५च्या बोलीत हे सर्कल बिर्ला-एटीअँडटी आणि बीपीएल यांच्याकडे गेलं. पन्नास टक्के जिल्हा मुख्यालयांचा हिशेब पश्चिम महाराष्ट्र, उत्तरेतली मोठी शहरं आणि नागपूर-अमरावती पट्ट्यात सहज जुळत होता. कंपन्यांनी नियम मोडायची गरजच नव्हती.

लँडलाइनच्या खासगी परवान्यांत मात्र खेड्यासाठी अट होती. दर दहा लाइनींमागे एक गावच्या सार्वजनिक फोनसाठी द्यायची. ही अट बहुतांशी कागदावरच राहिली. गावच्या चावडीवरचा फोन शेवटी बसवला तो सरकारी दूरसंचार खात्यानं आणि १ ऑक्टोबर २००० रोजी त्याची कंपनी झाल्यावर बीएसएनएलनं. तोपर्यंत १९९९चं नवं धोरण आलं होतं. अवाढव्य बोल्या लावून अडकलेल्या कंपन्यांना वाजपेयी सरकारनं महसुलात वाटा देण्याच्या पद्धतीवर आणलं. त्यात ग्रामीण भागासाठी एक उद्दिष्ट होतं. तेव्हा खेड्यांत शंभर माणसांमागे ०.४ फोन होते, ते २०१०पर्यंत ४ करायचे. हे उद्दिष्ट स्पर्धेनं केव्हाच मागे टाकलं. मार्च २०१०मध्ये हा आकडा वीसच्या पुढे होता. कबूल करायला हवं, की बाजारानं इतकं मोठं काम सरकारच्या कोणत्याही योजनेपेक्षा वेगानं केलं. २००२ साली बीएसएनएलची मोबाइल सेवा सुरू झाली, २००३च्या मे महिन्यात इनकमिंग फुकट झालं, त्याच वर्षी रिलायन्सनं ५०१ रुपयांत हातात फोन ठेवला आणि २००९ साली टाटा डोकोमोनं सेकंदाला एक पैसा असा दर लावून सगळ्यांना त्या वाटेवर ओढलं. खेडी या लाटेवर आत आली. पण आली ती हमरस्त्यावरची, बाजारगावाजवळची, साखर कारखान्याच्या पट्ट्यातली खेडी.

बाकीच्यांसाठी एक निधी काढण्यात आला होता. १ एप्रिल २००२पासून सार्वत्रिक सेवा दायित्व निधी सुरू झाला. कंपनीच्या शंभर रुपये महसुलातले पाच रुपये त्यात जायचे. म्हणजे पुण्यात बोलणाऱ्याच्या बिलातून धडगावच्या टॉवरला हातभार लागायचा. कल्पना उत्तम होती. पण डिसेंबर २००३मध्ये या निधीला कायद्याचं बळ मिळालं, तेव्हा तारायंत्र कायद्याच्या दुरुस्तीत 'मूलभूत' सेवा असा शब्द पडला. मोबाइल मूलभूत सेवेत मोडत नव्हता. कंपन्या मोबाइलच्या कमाईतून पैसे भरत होत्या आणि त्या पैशातून मोबाइलचा एक टॉवरही उभा करता येत नव्हता. तो शब्द काढायला २००६ साल उजाडलं. त्यातच हा पैसा आधी देशाच्या संचित निधीत जमा व्हायचा आणि संसद मंजूर करेल तेवढाच परत यायचा. जमा आणि खर्च यांतलं अंतर वर्षानुवर्षं वाढत गेलं. खेड्याच्या नावानं गोळा केलेला पैसा खेड्याच्या वाटेवर असा अडकून पडणं मला या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात बोचणारं प्रकरण वाटतं, कारण यात तंत्रज्ञान, भूगोल किंवा कंपन्यांचा लोभ यांतलं काहीच आड आलेलं नव्हतं.

कायदा सुधारल्यावर २००७ साली सामायिक टॉवरची योजना आली. ५०० जिल्ह्यांत, जिथे रेंज नाही तिथे, अनुदानावर टॉवर उभा करायचा आणि एकाच टॉवरवर तीन कंपन्यांनी आपली यंत्रं लावायची. ७,८७१ जागा ठरल्या, त्यांपैकी सात हजारांहून थोडे अधिक टॉवर उभे राहिले. ही योजना शहाणपणाची होती. टॉवर म्हणजे नुसता लोखंडी सांगाडा नसतो. त्याच्या पायथ्याशी बॅटऱ्या असतात, वीज गेली की चालणारा जनरेटर असतो, त्याचं डिझेल कुणीतरी पिकअपमधून घाट चढून नेतं, राखणदार लागतो आणि टॉवरवरचा डेटा पुढच्या टॉवरकडे फेकणारी मायक्रोवेव्हची थाळी लागते. ओळीतला एक टॉवर बंद पडला, की त्याच्या मागच्या सगळ्यांची रेंज जाते. तीस घरांच्या वस्तीच्या रिचार्जवर हा खर्च निघत नाही. तीन कंपन्यांनी तो वाटून घेतला तर निदान आवाक्यात येतो.

याच सुमारास एक आधार काढून घेतला गेला. खेड्यातल्या तोट्याच्या लाइनींसाठी खासगी कंपन्यांनी बीएसएनएलला भरपाई द्यायची, असा २००३पासूनचा एक आकार होता. दूरसंचार नियामक ट्रायनं तो टप्प्याटप्प्यानं कमी करत २००८ साली संपवला. स्पर्धेच्या नियमाला धरून ते योग्यही होतं. परंतु २००९-१०मध्ये बीएसएनएल पहिल्यांदाच तोट्यात गेली आणि देशातल्या अवघड जागा त्यानंतरही तिच्याच गळ्यात राहिल्या.

२०१०च्या लिलावात थ्रीजीच्या लहरींना ६७,७१९ कोटी आणि ब्रॉडबँडच्या लहरींना ३८,५४३ कोटी रुपये मिळाले. नियमांत या वेळी ग्रामीण शब्द आला. थ्रीजी घेणाऱ्यानं पाच वर्षांत निम्मी जिल्हा मुख्यालयं व्यापायची आणि त्यांतली पंधरा टक्के ग्रामीण टेलिफोन क्षेत्रांतली असावीत. ब्रॉडबँड घेणाऱ्यानं अशी निम्मी ग्रामीण क्षेत्रं व्यापायची. ज्या क्षेत्रातली निम्मी लोकसंख्या खेड्यात राहते ते ग्रामीण, अशी व्याख्या होती. पण त्या क्षेत्रातसुद्धा मोजायचं काय, तर स्थानिक संस्थेच्या हद्दीतला नव्वद टक्के भाग. तालुक्याचं गाव व्यापलं की तालुका व्यापल्यासारखा धरला जाणार. पुढच्या लिलावांत तालुका मुख्यालयं थेट आली: तीन वर्षांत दहा टक्के, चारला वीस, पाचला तीस. मोजण्याचं एकक जिल्ह्यावरून तालुक्यापर्यंत उतरलं. वाडीपर्यंत उतरलंच नाही.

त्या थ्रीजीच्या लिलावात कुठल्याही खासगी कंपनीला सगळी सर्कल मिळाली नाहीत. मग एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया यांनी आपसांत करार केले: तुझ्या सर्कलमध्ये माझा ग्राहक तुझ्या जाळ्यावर, माझ्या सर्कलमध्ये तुझा माझ्या. दूरसंचार विभागानं २०११च्या अखेरीला हे बंद करायला सांगितलं आणि पुढे दंड ठोठावले. ज्यानं लहरींचे पैसे भरले नाहीत त्यानं ती सेवा कशी विकायची, असा सरकारचा मुद्दा होता. २०१४च्या एप्रिलमध्ये दूरसंचार लवादानं कंपन्यांच्या बाजूनं कौल दिला. एकमेकांचं जाळं वापरण्याचा हा प्रश्न सरकारनं तोवर फक्त महसुलाच्या बाजूनं पाहिला होता.

तिकडे २०११च्या ऑक्टोबरमध्ये अडीच लाख ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरनं जोडण्याची योजना मंजूर झाली, तीच पुढे भारतनेट झाली. सुरुवातीची मुदत दोन वर्षांची होती. पहिल्या एक लाख पंचायतींचं काम संपलं डिसेंबर २०१७मध्ये. इथेही एकक पाहा. आपल्याकडे डोंगरी भागात गट ग्रामपंचायती असतात. तीन-चार गावं आणि त्यांचे पाच-दहा पाडे मिळून एक पंचायत. फायबर आली ती कार्यालयापर्यंत. तिथल्या भिंतीवर पेटी बसली. कार्यालय ग्रामसेवक येतील त्या दिवशी उघडणार आणि वीज असेल तेव्हा पेटीतला दिवा लागणार. तिथून मोबाइलच्या टॉवरला किंवा घरांना जोड देण्याचं काम कुणाचं, हे नीट ठरलेलंच नव्हतं. तरी अहवालात ती पंचायत जोडली गेलेली होती.

आणि मग ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आली. आधी डिसेंबरपर्यंत आणि मग मार्च २०१७पर्यंत सगळं फुकट. जिओचे कॉल घ्यायला पुरेशी जोडणी दिली नाही म्हणून ट्रायनं एअरटेल, व्होडाफोन आणि आयडियावर मिळून ३,०५० कोटींच्या दंडाची शिफारस केली. कंपन्यांनी एकमेकांना मिनिटाला द्यायचा आकार १४ पैशांवरून ६ पैशांवर आला आणि २०२१च्या जानेवारीत शून्य झाला. जीबीला दोनशेच्या घरात मोजणारा माणूस दिवसाला एक-दीड जीबी वापरू लागला. शेतमजूर दुपारच्या सुटीत बांधावर बसून यूट्यूब पाहताना दिसू लागला. हे थोडं नाही. पण दोन-तीन वर्षांत एअरसेल आणि आरकॉम संपल्या, टाटांचा मोबाइल व्यवसाय एअरटेलमध्ये गेला, ऑगस्ट २०१८मध्ये व्होडाफोन-आयडिया एक झाल्या. बारा-तेरा कंपन्यांच्या बाजारात तीन खासगी आणि एक सरकारी उरली. डिसेंबर २०१९मध्ये दर पुन्हा चढले. ज्या गावात चार कंपन्यांची रेंज होती तिथल्या ग्राहकाला या लढाईचा लाभ झाला. ज्या गावात एकच टॉवर होता तिथे लढाई झालीच नाही.

याच वर्षांत सरकारकडे ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी होत्या. कमी कंपनसंख्येची लहर ढोलाच्या आवाजासारखी लांब जाते, झाडी आणि भिंती ओलांडते. कमी टॉवरांत जास्त मुलूख व्यापता येतो. खेड्यांसाठी याहून सोयीचं काही नव्हतं. २०१६च्या लिलावात तिची किमान किंमत देशभरासाठी एका मेगाहर्ट्झला ११,४८५ कोटी ठेवली गेली. कुणीही बोली लावली नाही. २०२१मध्येही ती पडूनच राहिली. २०२२ साली किंमत ३,९२७ कोटींवर आणल्यावर जिओनं ती घेतली. सहा वर्षं ती लहर वापराविना राहिली, आणि त्या सहा वर्षांत कोविडची दोन वर्षंही येतात.

गडचिरोलीची गोष्ट वेगळी सांगायला हवी. नक्षलग्रस्त भागांसाठी २०१४ साली निधीतून दोन हजारांहून जास्त टॉवर मंजूर झाले आणि बीएसएनएलनं ते उभे केले, अनेक ठिकाणी पोलीस ठाण्याच्या आवाराच्या आधारानं. काम जोखमीचं होतं. पण ते टॉवर टूजीचे होते. बाकीचा देश फोरजीवर चालला असताना त्या टॉवरवरून बोलता यायचं, एखादा संदेश जायचा. पान उघडायचं नाही. त्यांचं फोरजी करायला मंजुरी मिळाली एप्रिल २०२२मध्ये. बीएसएनएललाच फोरजीच्या लहरी मिळाल्या त्या २०१९च्या पुनरुज्जीवन योजनेत. मग परदेशी यंत्रांची निविदा रद्द झाली, देशी यंत्रणा विकसित करायचं ठरलं आणि आणखी काही वर्षं गेली. देशी यंत्रणेचा आग्रह मला मान्य आहे. त्या आग्रहाची किंमत मात्र ज्यांच्याकडे बीएसएनएलशिवाय दुसरं सिम चालतच नाही त्यांनी मोजली.

२०२०च्या टाळेबंदीत शाळा मोबाइलवर गेली, तेव्हा ही सगळी कलमं लोकांच्या अंगावर आली. कोकणात मुलं सड्यावर ताडपत्रीचं छप्पर घालून, जिथे रेंज धरते त्या दगडापाशी तासाला बसली. आणि सरकारी कामंही त्याच मोबाइलवर येत होती. रेशन दुकानात अंगठ्याचं मशीन आलेलंच होतं. १५ ऑगस्ट २०२१पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्यानं स्वतःच्या गटात उभं राहायचं, अॅप उघडायचं, खाते क्रमांक निवडायचा, पीक आणि क्षेत्र भरायचं, उभ्या पिकाचा फोटो काढायचा आणि पाठवायचा. सातबारावरची पिकाची नोंद, विमा, नुकसानभरपाई यांचा धागा या फोटोशी बांधलेला. नाचणीच्या वरकस जमिनीत, खोऱ्याच्या तळाशी उभा असलेला माणूस फोटो काढतो, फोन खिशात घालतो आणि वर चढून येतो. फोटो गेला की नाही, हे त्याला चढ संपल्यावर कळतं. रोजगार हमीच्या मजुरांची हजेरीही १ जानेवारी २०२३पासून अॅपवर, दिवसातून दोनदा फोटो काढून. रेंज नसल्याचा पुरावा देण्याची जबाबदारी प्रत्येक ठिकाणी मजुरावर आणि शेतकऱ्यावर आली. नकाशावर त्याचं गाव व्यापलेलं दाखवणाऱ्यांवर ती नव्हती.

टाळेबंदीनंतर सरकार जागं झालं, हे मान्य करायला हवं. नोव्हेंबर २०२१मध्ये पाच राज्यांतल्या ४४ आकांक्षित जिल्ह्यांतली ७,२८७ गावं घेतली गेली, त्यांत महाराष्ट्र होता. जुलै २०२२मध्ये २६,३१६ कोटींची योजना आली. रेंज नसलेली २४,६८० गावं आणि टूजी-थ्रीजीवर अडकलेली आणखी ६,२७९. २०२३च्या नव्या दूरसंचार कायद्यानं जुन्या निधीचं नाव डिजिटल भारत निधी केलं. आणि १७ जानेवारी २०२५ रोजी, ज्या कल्पनेबद्दल तेरा वर्षांपूर्वी नोटिसा निघाल्या होत्या, तीच सरकारनं स्वतः राबवली: निधीतून उभ्या राहिलेल्या सुमारे २७ हजार फोरजी टॉवरवर बीएसएनएल, एअरटेल किंवा जिओ, कुठलंही सिम चालेल. २७ सप्टेंबर २०२५ला ओडिशातल्या झारसुगुड्यातून बीएसएनएलचं देशी फोरजी देशभर सुरू झाल्याचं जाहीर झालं.

सरकारी तक्त्यानुसार २०२४च्या वसंतात ६,४४,१३१ गावांपैकी ६,१२,९५२ गावांत थ्रीजी किंवा फोरजी होतं, म्हणजे ९५.१५ टक्के. या तक्त्यातलं गाव म्हणजे महसुली गाव. सह्याद्रीतला धनगरवाडा, सातपुड्यातला पाडा, गडचिरोलीतला टोला, मराठवाड्यातला तांडा यांची स्वतंत्र ओळ त्यात नाही. मूळ गावठाणात रेंज आली की पाच किलोमीटरवरचा पाडाही आकड्यात आत जातो. ट्रायच्या २०२४च्या नियमांनुसार आता कंपन्यांना कुठे टूजी, कुठे फोरजी, कुठे फाइव्हजी याचे नकाशे संकेतस्थळावर लावावे लागतात. गावचा सरपंच किंवा शाळेचे मास्तर तो नकाशा उघडून, आपल्या वाडीवर रंग आहे पण रेंज नाही, असं पहिल्यांदाच बोट ठेवून सांगू शकतात. हा नकाशा तलाठी कार्यालयात आणि ग्रामसभेत मांडला गेला पाहिजे, आणि पुढच्या लिलावाच्या अटी त्यावरून, वाडीवार लिहिल्या गेल्या पाहिजेत. तेवढ्यानंही भागणार नाही. २०२२च्या योजनेत टॉवर उभारणीबरोबर पाच वर्षांचा चालवण्याचा खर्च धरलेला आहे. डिझेल, बॅटऱ्या, राखणदार आणि दुरुस्ती यांचे पैसे त्या मुदतीपुरते आहेत. तीस घरांच्या रिचार्जवर तो टॉवर सहाव्या वर्षीही चालणार नाही, आणि सहाव्या वर्षीचे पैसे कोण देणार हे आत्ताच लिहून ठेवायला हवं.